बांधावरून या, सायब

गोदामात माल येतो आणि जातो. किस्से मात्र एकदा आले की इथेच पडून राहतात, त्यांना न्यायला कुठलीच गाडी लागत नाही. मी पडघ्याजवळच्या एका गोदामात नऊ वर्षं बिलिंगला आहे. मिक्सर, पंखे, इस्त्र्या असा घरगुती माल. रोज दिघाशीहून स्कूटीवर यायचं, बिलं काढायची, आणि दुपारी डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "वंदनाताई, बरुआसाहेबांचा तो किस्सा सांग ना!"

"कुठला?" असं मला विचारावं लागतं. एका माणसाचे इतके साठलेत!

आमच्याकडे मॅनेजर नेहमी बाहेरचाच येतो. बरुआसाहेबांच्या आधी तिघे येऊन गेले. एक धुळीला कंटाळला, एक ट्रॅफिकला. तिसऱ्याने कारणच सांगितलं नाही, जाताना स्टीलचा डबा विसरून गेला. त्यात आम्ही अजून साखर ठेवतो.

मग आले बरुआसाहेब. आसामातले, जोरहाटच्या बाजूचे. चाळिशी उलटलेली, बोलणं हळू, इतकं हळू की वाक्य संपायच्या आत आमच्याकडे दुसऱ्याचं सुरू व्हायचं. बायको निरुपमा आणि तिसरीतली मुलगी तिकडेच. बायकोने निघताना एकच अट घातली होती, ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला सांगून टाकली. "उधर कोई एक घर हमको बुलाए, फिर मैं आऊँगी. अनजान लोगों में लड़की को नहीं लाऊँगी." जूनमध्ये मुलीची शाळा सुरू होणार होती. तोवर जमलं नाही तर साहेब बदली मागून परत जाणार, हेही ठरलेलं होतं.

हे ऐकून आमचे डिस्पॅचचे सलीमभाई हळूच मला म्हणाले, "मॅडम, डबा बघून ठेवा. या वेळी चहापत्तीसाठी पाहिजे."

*

पहिला किस्सा ते गोदामात पोचायच्या आधीचाच.

आमच्या गोदामाचा पत्ता कागदावर चार ओळींचा आहे आणि त्या चार ओळींनी आजवर कुणीही पोचलेलं नाही. खरा पत्ता एकच होता. हायवे सोडला की डाव्या हाताला एक बंद पडलेला लाल ट्रक, त्याच्यापुढे पहिलं वळण. तो ट्रक आठ महिने तिथेच उभा होता. कुरिअरवाले, टेम्पोवाले, गॅसवाला, सगळे त्याच्यावरच यायचे.

बरुआसाहेब ठाण्याहून रिक्षाने निघाले. सलीमभाईंनी फोनवर सांगितलं, "लाल ट्रक दिखा, के लेफ्ट मारो."

दहा मिनिटांनी फोन. "कौन सा ट्रक?"

"लाल. खड़ा है."

"यहाँ सब खड़ा है."

खोटं नव्हतं. दुपारपर्यंत सात वेळा फोन झाले. एकदा साहेब वाड्याच्या रस्त्याला लागले, एकदा उलटे कशेळीच्या पुलापर्यंत जाऊन आले. शेवटी रिक्षावाल्याने हात टेकले. अडीच वाजता खांद्यावर बॅग, डोक्याला रुमाल आणि अंगभर धूळ अशा अवताराने एक माणूस गेटमधून चालत आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "उधर कोई लाल ट्रक नहीं है."

सलीमभाई धावत रस्त्यापर्यंत गेले आणि तसेच हसत परत आले.

"चालू झाला!" त्यांनी सगळ्यांना ओरडून सांगितलं. "आठ महिन्यांनी चालू झाला! सकाळीच गेला म्हणे!"

हमालांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं, आपल्या स्वागताच्या आहेत. त्यांनी वाकून नमस्कार केला.

*

नाना म्हणजे आमच्या गोदामाचे जागामालक. वय सत्तरीच्या पुढे, आगरी माणूस, पांढरी टोपी. गोदाम आहे तिथे त्यांची भातशेती होती. भाडं खात्यात जमा होतं, त्यामुळे त्यांना इथे यायचं काही कारण नाही. तरी रोज सकाळी दहाला येतात आणि आतून एक चक्कर मारतात. पण सरळ नाही! आधी भिंतीच्या कडेने, मग मधेच उजवीकडे, मग पंख्यांच्या रॅकला वळसा घालून परत डावीकडे. नवीन माणसाला वाटावं, आजोबांना रस्ता आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी बरुआसाहेब घाईत मधून सरळ चालले होते. नानांनी काठी आपटली.

"सायब, खाचरातशी कुठं चाललाव? बांधावरून या!"

साहेबांनी खाली बघितलं. सिमेंटची गुळगुळीत लादी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की नाना जिथून चालतात तिथे पूर्वी शेताचे बांध होते, आणि पेरलेल्या शेतातून चाललेलं त्यांना अजून खपत नाही.

आधीच्या तिघांपैकी एक हसला होता, एक भांडला होता. हे मात्र मागे फिरले आणि नानांच्या मागून, एकामागे एक पाय टाकत, सगळा वळसा घालून केबिनला गेले. त्यांच्या घरीही भाताची शेती आहे, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं.

*

पुढचा किस्सा त्यातूनच झाला.

आमचे हमाल सगळे नानांच्याच गावचे. रॅकला नंबर आहेत, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही. "सी चौदा"ला पाठवलं तर माणूस "डी चार"ला सापडायचा. पण "आंब्याखालचं" म्हटलं की अचूक जायचा, कारण त्या खाचराचं नाव पिढ्यान् पिढ्या तेच होतं. बरुआसाहेबांनी महिनाभर हे बघितलं, नानांबरोबर फिरून सगळी नावं लिहून घेतली आणि एका शनिवारी कॉम्प्युटरमधले नंबर काढून ती नावंच टाकून दिली. चुकीचा माल जाणं बंद झालं.

मग मुंबईहून ऑडिटर आले. त्यांनी स्टॉकचा रिपोर्ट काढला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय आहे? मिक्सर, आंब्याखाली? इस्त्र्या, खळ्यात? आणि पंखे चक्क विहिरीजवळ? इलेक्ट्रिकचा माल तुम्ही उघड्यावर ठेवता?"

बरुआसाहेब हळू आवाजात समजवायला लागले, तोवर ऑडिटर तरातरा आत निघालेसुद्धा. नेमके नाना समोरून येत होते.

"कुठे आहे आंबा?" ऑडिटर ओरडले.

"यो काय, इथं व्हता," नाना म्हणाले.

"होता म्हणजे? आता कुठे आहे?"

"आता तुमच्या मिक्सरच्या खाली."

ऑडिटर वळून मधून सरळ चालायला लागले तशी मागून काठी आपटली.

"बांधावरून या, सायब!"

रिपोर्टमध्ये त्यांनी काय लिहिलं माहीत नाही. नावं अजून तीच आहेत.

*

सलीमभाईंची ओळख नीट करून द्यायला हवी. भिवंडीतलं जुनं कोकणी मुसलमान घर, वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग होते. लूम विकून वीस वर्षं झाली, पण हात विसरलेला नाही. कुणाचाही शर्ट दोन बोटांत धरून ते सांगतात धागा कुठला, माग कुठला. लग्नात नवऱ्या मुलाचाही धरतात.

बरुआसाहेबांनी एकदा सलीमभाईंच्या गळ्यात गामोसा घातला. आसामात मान द्यायचा तर पांढरा, लाल काठाचा हा कापडी पंचा गळ्यात घालतात. आपण शाल घालतो तसं. सलीमभाईंनी आभार मानायच्या आधी त्याचं टोक दोन बोटांत धरलं.

"हातमाग," ते म्हणाले. "बाईनं विणलंय." मग बोटं सरकवत सरकवत मध्ये थांबले. "इथं बाई उठून गेली होती. परत येऊन बसली तेव्हा हात घट्ट पडलाय. मनात काहीतरी काळजी असणार."

गामोसा निरुपमाताईंनी विणलेला होता. साहेबांनी त्या दिवशी फोनवर बायकोला विचारलं. दुसऱ्या दिवशी येऊन सलीमभाईंसमोर उभे राहिले.

"बेटी को बुखार था उस दिन."

आम्ही सगळे गार. साहेब पुढे म्हणाले, "उसने पूछा है, ये आदमी पति लोगों के बारे में भी ऐसे ही बता सकता है क्या?"

*

घराचा किस्सा.

साहेब दोन महिने गोदामाच्या मागच्या खोलीत राहिले. मग म्हणाले, बायको-मुलगी आली तर घर हवं, आणि सलीमभाईंनी दाखवलेली चार घरं नाकारून एकटेच शहरात घर शोधायला गेले. परतले ते खूश होऊन. "इतना शांत गली! एक आवाज नहीं! घर लिया, साइन भी कर दिया."

"भिवंडीत?" सलीमभाईंनी विचारलं. "शांत गल्ली?" मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि डोक्याला हात लावला.

शुक्रवार होता.

भिवंडीत बरेच लूम शुक्रवारी बंद असतात. साहेबांनी आठवड्यातला तेवढा एकच दिवस बरोबर निवडला होता. घराच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, तिन्हीकडे लूम होते. शनिवारी सामान हलवून सोमवारी ते कामावर आले तेव्हा डोळे लाल होते आणि चहाचा कप ते एका ठरावीक तालात टेबलावर आपटत होते.

"आपके शहर में शनिवार को क्या होता है?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी काय नाय होत, सर," सलीमभाई शांतपणे म्हणाले. "शुक्रवारी होतं."

आम्हाला वाटलं, आता जातात. पण गेले नाहीत. दीड महिन्याने एका शनिवारी परत डोळे लाल करून आले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "कल लूम बंद था. नींद नहीं आया."

*

आता जो सांगते तो किस्सा आम्ही हसत हसतच सुरू करतो, पण शेवटाला कुणी हसत नाही.

एप्रिलमध्ये त्यांचा बिहू असतो, नववर्षाचा सण. त्या आठवड्यात गावाहून त्यांना एक पार्सल आलं. शुक्रवारी दुपारी साहेब केबिनमधून पितळेचं छोटं तबक घेऊन बाहेर आले. प्रत्येकाच्या टेबलावर एक विड्याचं पान आणि त्यावर एक अख्खी ओली सुपारी ठेवली. नाना बसले होते, त्यांच्यासमोरही ठेवली. मग हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्या त्या हळू आवाजात काहीतरी बोलायला लागले.

तोवर सलीमभाईंनी आपली सुपारी नानांच्या अडकित्त्याने फोडून पानासकट तोंडात टाकली होती. ओली सुपारी आपल्या सुपारीसारखी नसते. मिनिटभरात ते लाल झाले, घामाने शर्ट भिजला, कानातून वाफा येतायत म्हणाले आणि पंख्यांच्या खोक्यांवर आडवे झाले. धावपळ झाली. कुणी लिंबू आणलं, कुणी पुठ्ठ्याने वारा घातला, मी रिक्षाला फोन लावला. दहा मिनिटांत ते उठून बसले आणि म्हणाले, "सरांनी माझी सुपारी दिली होती की काय!" केवढे हसलो आम्ही. साहेबसुद्धा हसले. त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सुपाऱ्या आम्ही सगळ्यांनी उचलून ठेवल्या. माझी पर्समध्ये गेली.

सोमवारी साहेब दोन मोठे डबे घेऊन आले. तिळाची, नारळाची पिठं, म्हणजे त्यांच्याकडचे तांदळाच्या पिठाचे गोड प्रकार. मासे होते, भात होता. सगळ्यांना त्यांनी स्वतः वाढलं. सलीमभाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि तोंड भरलेलं असताना म्हणाले, "काय सर! घरी सण केलात आणि आम्हाला बोलावलं नाही?"

"बुलाया था," साहेब म्हणाले.

वाढत होते तसेच वाढत राहिले. मग एकेक करून कळलं. त्यांच्याकडे पत्रिका नसते. घरी बोलवायचं तर पान-सुपारी पुढे ठेवायची. समोरच्याने उचलली, म्हणजे येणार. आम्ही सगळ्यांनी उचलली होती. साहेबांनी रविवारी पंधरा जणांचा स्वयंपाक केला आणि दार उघडं ठेवून दिवसभर बसले.

मला इतकी लाज वाटली की मी ताट बाजूला सारलं. सलीमभाई उठून बाहेर गेले ते तासाभराने आले. साहेब फक्त एवढंच म्हणाले, "आपको मालूम नहीं था. गलती मेरा है." पण त्या दिवसापासून ते बायकोचा फोन बाहेर जाऊन घ्यायला लागले. मेच्या सुरुवातीला बदलीचा अर्ज त्यांनी मलाच टाइप करायला दिला. मी तीन दिवस प्रिंटर बिघडलाय म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः प्रिंटर चालू केला.

अर्ज सही करून त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता. सोमवारी मुंबईला जाणारी गाडी होती, तिच्याबरोबर तो जाणार होता.

*

आणि आता शेवटचा.

मे महिन्यात नानांच्या धाकट्या मुलाची हळद होती. आमच्या बाजूला लग्नापेक्षा हळद मोठी. अख्खं गाव, शेजारची गावं, पाव्हणे, सगळे जेवायला. अर्ज जायच्या आधीच्या शुक्रवारी नाना पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. मला दिली, सलीमभाईंना दिली, हमालांना, वॉचमनला दिली. माल उतरवायला आलेल्या राजस्थानच्या ड्रायव्हरलासुद्धा दिली! बरुआसाहेबांच्या केबिनसमोरून मात्र सरळ निघून गेले. साहेब काचेतून बघत होते. मग स्क्रीनकडे बघायला लागले.

मी गेटपर्यंत पळत गेले. "नाना, सायबांची पत्रिका?"

"त्याला पत्रिका न्हाय," नाना म्हणाले आणि चालायला लागले.

मला नानांचा भयंकर राग आला. त्या दिवशी मी त्यांना चहाही विचारला नाही.

शनिवारी सकाळी दहाला नाना परत आले. आज बरोबर त्यांची बायको, आमच्या काकू होत्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात तांब्याचं ताट, त्यावर झाकलेला रुमाल. दोघं गेटमधून आत आले आणि भिंतीच्या कडेने निघाले. मग उजवीकडे, मग पंख्यांना वळसा, मग डावीकडे. केबिन समोर वीस पावलांवर होती, पण त्यांनी सगळा बांध धरला. हमालांनी खोकी खाली ठेवली. सलीमभाई उभे राहिले.

नानांनी साहेबांच्या टेबलावर ताट ठेवलं आणि रुमाल काढला. विड्याची दोन पानं आणि त्यावर एक सुपारी. वाळून सुरकुतलेली. एप्रिलमध्ये साहेबांनी दिलेली. नानांनी ती देवघरात ठेवली होती.

नानांनी टोपी नीट केली आणि हात जोडले.

"बोला सायब. खानार, का येनार?"

बरुआसाहेब उठले, सुपारी दोन्ही हातांनी उचलली आणि कपाळाला लावली.

"दोघांनी या," काकू म्हणाल्या. "पोरीला पन आना. आमच्यात घरातल्या एकट्यालाच आवतन देत न्हाय."

"वो लोग तो उधर..." साहेब म्हणाले.

"मंग लाव फोन. हलदीला आठ दिस हायत."

साहेबांनी फोन लावला. ते आसामीत थोडं बोलले. काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि केबिनच्या बाहेर जाऊन बोलायला लागल्या. काकूंना हिंदीचा एक शब्द येत नाही, आसामीचा तर प्रश्नच नाही. निरुपमाताईंना मराठी येत नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काकू मधेच हसत होत्या, मधेच हातवारे करत होत्या, मधेच नुसत्या ऐकत होत्या. आम्ही सगळे काचेतून बघत उभे.

मग काकू आत आल्या. फोन साहेबांच्या हातात दिला आणि पदर खोचत म्हणाल्या,

"पोरगी काट्याची मच्छी खाते. इचारून घेतलं मी."